वाचकांचे प्रश्न : बारा जण, नऊ जेंबे

प्रश्न : आमच्या बारा जणांच्या गटात नऊ जेंबे (हातांनी वाजवायचे पेल्याच्या आकाराचे ढोल), दोन शेकर (दाणे भरलेले खुळखुळे) आणि एक काहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) आहे. पाच मिनिटांत ताल जाऊन नुसता गोंगाट उरतो. आणखी कोणती वाद्यं घ्यावीत?

उत्तर : आधी जेंबे कमी करा. नऊ जेंब्यांचा आवाज एकाच उंचीचा. एकाची थाप दुसऱ्याच्या थापेत बुडते, मग आपलं ऐकू यावं म्हणून जो तो जोर लावतो. चार जेंबे पुरेत. मोकळ्या झालेल्या पाच जणांपैकी तिघांना काठीने वाजवायचे दुनदुन ढोल द्या : मोठा दुनदुनबा, मधला सांगबान, छोटा केनकेनी. उरलेल्या दोघांकडे काऊबेल (काठीने वाजवायची धातूची घंटा) आणि क्लावे (एकमेकींवर मारायच्या दोन लाकडी काठ्या).

आता १६ मात्रांचं एक आवर्तन धरा. दुनदुनबा १ आणि ९ वर, सांगबान ४ आणि ७ वर, केनकेनी ३, ७, ११, १५ वर. काऊबेल १, ५, ९, १३ वर. क्लावे १, ४, ७, ११, १३ वर. शेकर सगळ्या १६ मात्रा भरतील, काहोनची कडक थाप ५ आणि १३ वर. जेंब्यांनी फक्त ७-८ आणि १५-१६ वर कडेजवळची मोकळी थाप द्यायची. कातड्याच्या मध्यावरचा घुमारा त्यांनी वाजवायचाच नाही, खालचा आवाज दुनदुनबाने सांभाळलेला आहे. जेंबेवाल्यांना हे सुरुवातीला फार जड जातं, हात स्वस्थ बसत नाहीत. पण बाकीची वाद्यं ऐकू येतात ती याच मोकळ्या मात्रांमुळे.

एकदम सगळे सुरू होऊ नका. दुनदुनबा आणि काऊबेल चार आवर्तनं बसू द्या, मग दर चार आवर्तनांनी एकेक वाद्य घ्या. कुठे बिनसतं ते लगेच कळतं.

प्रश्न : शेकर सोपा म्हणून नवख्यांना देतो, पण तोच मागे पडतो. क्लावेचा आवाजही बोथट येतो.

उत्तर : शेकर सोपा नाही. हात हलला की दाणे आधी आतल्या आत सरकतात आणि समोरच्या भिंतीवर आपटले की आवाज होतो. म्हणजे आवाज हाताच्या मागून येतो. शेकर आडवा धरा, हालचाल चार बोटांएवढीच ठेवा आणि प्रत्येक टोकाला हात झटकन थांबवा. हात सैल सोडला तर दाणे घरंगळतात आणि ‘छक’ऐवजी ‘सर्रर्र’ ऐकू येतं. पुढच्या आणि मागच्या झटक्याचा आवाज सारखा येईपर्यंत एकट्याने सराव हवा. गटातला सर्वांत स्थिर हात शेकरवर बसवा, नवख्याला दुनदुनबा द्या.

क्लावेची खालची काठी मुठीत आवळली की आवाज मरतो. तळहाताची ओंजळ करा, काठी बोटांच्या टोकांवर आणि तळव्याच्या कडेवर नुसती टेकवा. खालची पोकळी आवाज फुलवते. दुसऱ्या काठीने बरोबर मध्यावर मारा.

प्रश्न : आवाज वाढला की लयही चढते. उपाय?

उत्तर : जोर आणि वेग हातात एकत्र शिरतात, ते वेगळे करायला शिकावं लागतं. मेट्रोनोम (ठरल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर लावा. चार आवर्तनं जोरात, चार अगदी हळू, पुन्हा जोरात. लय घसरते ती बहुधा या बदलाच्या जागीच. तेवढीच जागा पुन्हा पुन्हा वाजवा.

प्रश्न : दमट हवेत जेंब्याचं कातडं सैल पडतं. तेव्हाच दोरी ओढावी का?

उत्तर : नको. हवा कोरडी झाली की तेच कातडं आपोआप ताणतं आणि आधीच ओढलेलं असेल तर फाटू शकतं. वाद्य कोरड्या खोलीत ठेवा, त्यानंतरही सैल वाटलं तरच ओढा : मोकळी दोरी दोन उभ्या दोऱ्यांखालून नेऊन एकीवरून मागे घ्यायची आणि घट्ट खेचायची. एका वेळी एक-दोन गाठी, मग थाप ऐका. वाजवताना जेंबे थोडा कलता धरा. खालचं तोंड जमिनीवर टेकलं तर घुमारा कोंडतो. अंगठ्या आधी काढून ठेवा, त्यांनी कातडं फाटतं आणि बोटंही दुखावतात.