रस्त्यावरच्या फोटोंसाठी रेंजफाइंडरमध्ये ऑटो एक्सपोजर बरं की मॅन्युअल?

मॅन्युअल. तुम्ही लिहिलंय की पेठांत आणि मंडईत फिरून फोटो काढायचेत, यशिका इलेक्ट्रो ३५ आणि कॅनोनेट क्यूएल१७ असे दोन जुने रेंजफाइंडर (लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचे कॅमेरे) समोर आहेत, तर ऑटोवर, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः केलेल्या उजेडाच्या हिशोबावर, भरवसा ठेवावा का. माझा एका दुपारी उडाला.

तेव्हा माझ्याकडे दादाचा इलेक्ट्रो होता. त्यात अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) आपण लावायचं, शटर (ते किती वेळ उघडं) तो ठरवतो, आणि किती ठरवलं ते सांगतही नाही. नुसते दोन दिवे. पिवळा लागला तर शटर १/३० सेकंदापेक्षा हळू, लाल लागला तर उजेड जास्त. दादाचं एकच पालुपद, "दिवा नाही ना लागला? मग दाब. कॅमेऱ्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

महात्मा फुले मंडईत कोथिंबीर विकणाऱ्या एक मावशी बसायच्या. शाळा सुटून आलेला नातू त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि त्या त्याच्या केसांत अडकलेली कोथिंबिरीची पानं एकेक करून वेचत होत्या. पाठीमागे दार, दाराबाहेर दीड वाजताचं ऊन. मी भोक एफ/४ वर लावलं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). एकही दिवा लागला नाही. दाबलं. मावशी म्हणाल्या, "आणून दे हां, विसरशील."

रोल धुऊन आला तर दार लख्ख आणि आत दोन काळे ढीग. इलेक्ट्रोचं मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, लेन्समधून बघत नाही, बॉडीवरच्या छोट्या खिडकीतून बघतं. त्या खिडकीत ऊन शिरलं आणि सगळा हिशोब उन्हाचा झाला. दादा म्हणाला, लॅबवाल्याने घाण केली. मी निगेटिव्ह भिंगाखाली धरली; तिच्यावर उजेड काळा उमटतो. काठावरचे फ्रेमचे आकडे ठळक काळे होते. ते कंपनीतच उमटवलेले असतात, डेव्हलपिंग कमी पडलं असतं तर तेही फिके आले असते. चेहऱ्यांच्या जागी मात्र जवळजवळ कोरी फिल्म. म्हणजे उजेड पोचलाच नव्हता, लॅबवाल्याचा काही दोष नव्हता.

नंतर कॅनोनेट घेतला आणि मावशींचा फोटो मॅन्युअलवर काढला, १/६०, एफ/२.८. प्रिंट नेऊन दिली. त्यांनी पदराने पुसून बघितली आणि विचारलं, "पोराबरोबरचा कुठाय?"

रस्त्यावर उजेड दर मिनिटाला बदलत नाही हो. बदलतं ते समोरचं. पांढरा सदरा आला, काळी छत्री आली, की ऑटो फसतं. ४०० एएसएचा रोल घाला (एएसए म्हणजे फिल्म उजेडाला किती तेज, त्याचा आकडा). लक्ष्मी रस्त्यावर भर उन्हात १/५००, एफ/१६. इमारतींच्या सावलीत त्याच शटरला एफ/५.६. सावलीत शिरताना रिंग आधीच फिरवून ठेवा, कॅमेरा डोळ्याला लावल्यावर नाही. शंका आली तर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड पचवते, कमी पडलेला परत मिळत नाही.

म्हणून कॅनोनेट घ्या. मॅन्युअलवर त्याचं मीटर बंद होतं, ते चांगलंच आहे. शटर सेलशिवाय चालतं. इलेक्ट्रोला मॅन्युअल नाहीच, आणि सेल संपला की सगळे फोटो १/५०० च्या आसपास.

दिवेलागणीला, दर दहा पावलांवर उजेड बदलतो तेव्हा ऑटो माझ्या अंदाजापेक्षा बरं चालतं, हे कबूल. आणि इलेक्ट्रो घेऊन बसला असाल तर पाठीमागे ऊन असताना कॅमेऱ्यावरचा एएसए ४०० वरून १०० वर आणा, दोन स्टॉप वाढतात. पुढच्या फोटोआधी परत ४०० करायला विसरू नका. दादाने मला हे सांगितलं असतं तर तो फोटो आला असता.

तो अजून लॅबवाल्यालाच दोष देतो. निगेटिव्ह मी जपून ठेवली आहे, त्याने कधीही यावं आणि काठावरचे आकडे बघावेत.