नॉटमचमध्ये दोन-तीन अटी जोडून मेल कसा शोधायचा? मेल नक्की आलेला असताना शोध रिकामा का येतो?

नॉटमच म्हणजे डिस्कवरचा ई-मेल टर्मिनलवर आज्ञा लिहून शोधायचं साधन. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. कंस टाकला की बॅश, म्हणजे टर्मिनलवरची आज्ञा वाचून चालवणारं शेल, सिन्टॅक्स एरर देतं, आणि एरर घालवली तरी ऑगस्टमधला अटॅचमेंटवाला मेल सापडत नाही, तो आलाय हे पक्कं माहीत असूनही.

कंसाचं उत्तर सोपं आहे. अख्खी क्वेरी, म्हणजे शोधायच्या अटींची ओळ, सिंगल कोटमध्ये घाला. कंस आणि तारा (*) ही चिन्हं नॉटमचकडे पोहोचायच्या आधीच शेल आपल्या कामाला लावतं. म्हणजे नॉटमच सर्च '(फ्रॉम:जोशी ऑर फ्रॉम:पवार) टॅग:अटॅचमेंट डेट:२०१९-०८-०५..२०१९-०८-३१' असं. इथे देवनागरीत लिहिलंय, टर्मिनलवर हे शब्द रोमनमध्ये आणि आकडे इंग्रजी. वेगवेगळ्या प्रकारच्या अटींच्या मधे अँड लिहिलं नाही तरी तो धरलाच जातो. अटॅचमेंटचा टॅग मेल इंडेक्स होताना (शोधायच्या सूचीत नोंदला जाताना) नॉटमच स्वतःच लावतं, तो तुम्हाला लावावा लागत नाही.

दुसरा भाग वाचला आणि उत्तर लिहायला बसलो. ‘आलाय हे पक्कं माहीत आहे, पण शोध शून्य दाखवतो’ ही रात्र मी काढलेली आहे.

आमची सांगलीत गणपती पेठेत हळद आणि बेदाण्याची पेढी आहे. मागं गोदाम, पुढं दुकान. पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. २०१४ पासून पेढीचा सगळा मेल मी रोज रात्री एमबीसिंक या मेल उतरवणाऱ्या प्रोग्रॅमनं विश्रामबागेतल्या घरच्या डिस्कवर उतरवून घेतो आणि नॉटमचनं शोधतो. सर्व्हरवरून मेल गेला तरी डिस्कवरचा काढायचा नाही, असं सेटिंग पहिल्या दिवसापासून ठेवलंय. माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही दादा म्हणतो, त्याला हे कधीच पटलं नाही. दादाची पद्धत फोल्डरची. बँक, विमा, निजामाबाद, इरोड, वाहतूक, कोल्ड स्टोरेज... मोजले तेव्हा एकाहत्तर फोल्डर होते. रोज संध्याकाळी अर्धा तास बसून तो एकेक मेल जिथल्या तिथे टाकायचा. माझी इनबॉक्स बघून म्हणायचा, "अरं, हे घर हाय का उकिरडा?"

२०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेल. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेल्या लोकांनी ‘तेव्हा इथवर आलं होतं’ म्हणून जिथं खूण दाखवली होती, त्याच्यावर माल रचून ठेवला होता. तोही भिजला. हळद भिजली की फक्त वजन वाढतं असं नाही. ती आतून काळी पडते, बुरशी धरते, आणि पोत्याचा वास आठवडाभर हातातून जात नाही. गोदामातलं पाणी उतरायच्या आधीच, १० ऑगस्टला, मी मोबाईलवरून विमा कंपनीला नुकसानीची सूचना मेल केली. सोबत होडीतून काढलेले चार फोटो.

नोव्हेंबरमध्ये कंपनीचं पत्र आलं: मुदतीत सूचना मिळालेली नाही, दावा बंद.

त्या रात्री मी पहिली क्वेरी टाकली ती माझाच मेल काढायला. फ्रॉम: माझा पत्ता, आणि शब्द ‘पूर’. उत्तर शून्य. माझे हात गार पडले. मेल मी स्वतः लिहिला होता, होडीत बसून लिहिला होता.

कारण मराठीत होतं. नॉटमच ज्या झेपियन लायब्ररीवर चालतं, ती इंग्रजी शब्दाचं मूळ काढते. इंग्रजीत एकवचन टाकलं तर अनेकवचनही मिळतं. मराठी शब्दाला ती हात लावत नाही, जसा लिहिला तसाच ठेवते. मी मेलमध्ये लिहिलं होतं ‘पुराचं पाणी गोदामात’. पूर आणि पुराचं हे तिच्या लेखी दोन वेगळे शब्द, त्यातून पहिल्यात दीर्घ ऊ आणि दुसऱ्यात ऱ्हस्व. बरं, शेवटी तारा लावून ‘पुर*’ टाकलं तर पुरवठा, पुरावा, पुरेसा सगळं वर येतं, आणि व्यापारी पेढीच्या मेलमध्ये पुरवठा हा शब्द किती वेळा असेल ते तुम्हीच बघा. शेवटी ‘पूर ऑर पुराच* ऑर पुरात*’ असं लिहिल्यावर माझा मेल निघाला.

हळदीला हा त्रास नाही. ‘हळद*’ लिहिलं की हळद, हळदीचा, हळदीला सगळं येतं. ‘बेदाण*’ मध्ये बेदाणा आणि बेदाण्याचे दोन्ही बसतात. गुळाच्या व्यापाऱ्याला मात्र ‘गूळ ऑर गुळ*’ असंच लिहावं लागणार. आपल्या भाषेत विभक्ती लागली की शब्द आतून बदलतो, तेव्हा शोधायचा शब्द सामान्यरूपातही म्हणून बघायचा आणि जिथवर दोन्ही रूपं सारखी आहेत तिथवरच लिहून तारा लावायची. त्यात आपले व्यापारी मराठी रोमनमध्ये लिहितात, हळदीची चार स्पेलिंगं करतात. तीही ऑरनं जोडावी लागतात. हे मला कोणत्याही मदतपानावर सापडलं नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

माझा मेल सापडला, पण त्यानं काम भागत नव्हतं. तो गेला हे दिसत होतं, पोहोचला हे दिसत नव्हतं. कंपनीकडून काहीतरी उत्तर आलं असणार असं सारखं वाटत होतं. सूचना मिळाल्यापासून ७२ तासांत सर्व्हेअर (नुकसान पाहणारा) नेमायचा असा तेव्हा नियम होता, आणि सर्व्हेअर नेमला तर तो लिहिणारच. फ्रॉम: कंपनीचं डोमेन, डेट: १० ऑगस्टपासून पुढं. शून्य. सब्जेक्ट: क्लेम. शून्य. तारखेचा घोळ असेल म्हणून तीही तपासली. तिथेही एक खड्डा आहे, तुम्ही पडला असाल तर बघा: तिरकी रेघ देऊन ८/९/२०१९ लिहिलं तर नॉटमच ते अमेरिकन पद्धतीनं ९ ऑगस्ट धरतं, आणि टिंब देऊन ८.९.२०१९ लिहिलं तर ८ सप्टेंबर. मी तेव्हापासून वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असंच लिहितो. तारखेच्या आत जागा सोडायची नाही, हेही आलंच.

दादा शेजारी बसला होता. त्यानं स्वतःचं ‘विमा’ फोल्डर दोन संध्याकाळी पालथं घातलं होतं. तो म्हणाला, "आला असता तर फोल्डरात असता."

रात्री साडेबाराला मी शब्द शोधायचं सोडलं आणि नुसतं मोजायला लागलो. नॉटमच काउंट, तेच ऑगस्टचे दिवस. आकडा आला २१२. मग तीच ओळ, फक्त मधे एक्सक्लूड=फॉल्स हा पर्याय घालून. आकडा आला ३७१.

मधले एकशे एकोणसाठ मेल डिस्कवर होते, इंडेक्समध्ये होते, आणि मला दिसत नव्हते.

नॉटमच पहिल्यांदा सेटअप करताना एक प्रश्न येतो, की कोणते टॅग शोधातून वगळायचे. तिथे डिलीटेड आणि स्पॅम आधीच सुचवलेले असतात. आपण एंटर दाबून पुढं जातो. माझी स्क्रिप्ट स्पॅम फोल्डरातून उतरलेल्या प्रत्येक मेलला स्पॅमचा टॅग लावत होती. म्हणजे सर्व्हरनं ज्याला चुकून स्पॅम ठरवलं, तो मेल माझ्या प्रत्येक क्वेरीतून गुपचूप गळत होता. त्या टॅगचं नाव क्वेरीत स्वतःहून घेतलं तरच तो दिसणार.

त्या एकशे एकोणसाठांत ‘गणपती पेठ’ हे दोन शब्द रोमनमध्ये, डबल कोटमध्ये जोडून शोधले. एकच मेल. १४ ऑगस्ट, रात्री ११ वाजून ४२ मिनिटं. सर्व्हेअरनं स्वतःच्या खासगी पत्त्यावरून पाठवलेला, म्हणून कंपनीचं डोमेन कुठं नव्हतंच. विषयाची ओळ रिकामी. चार ओळींचा मजकूर: दावा क्रमांक अमुक, जुलैअखेरचं स्टॉक स्टेटमेंट पाठवा. आणि खाली कंपनीच्या ऑफिसनं त्याला फॉरवर्ड केलेला आमचा १० ऑगस्टचा मेल, ‘पुराचं पाणी गोदामात’ सकट.

दादानं ती स्क्रीन दोनदा वाचली. मग त्याच्या खात्यात जाऊन स्पॅम फोल्डर उघडलं. ते रिकामं होतं. सर्व्हर स्पॅम तीस दिवसांनी पुसून टाकतो. ऑगस्टचा तो मेल नोव्हेंबरात जगात आमच्याकडे एकाच ठिकाणी होता, माझ्या त्या उकिरड्यात.

दावा परत उघडला. मागितले तेवढे सगळे पैसे मिळाले नाहीत, पण मिळाले, आणि पेढी चालू राहिली.

दादा अजून म्हणतो की मेल नीट लावलेले असते तर ही वेळ आली नसती. मी तेव्हाही सांगितलं होतं आणि इथे परत सांगतो: तो मेल लावलेलाच होता. फोल्डरातच होता. चुकीच्या फोल्डरात होता. लावणारा माणूस असो की सर्व्हर, एकदा चुकीच्या खणात टाकलं की तो खण कुणी उघडत नाही. विमा, पूर, गणपती पेठ, स्टॉक ही चारही नावं त्या एका मेलची होती. एकाहत्तर फोल्डरांतल्या कुठल्या एका फोल्डरात तो टाकणार? कार्ल वर्थनं २००९ मध्ये नॉटमच लिहायला घेतलं तेव्हा मेल जिथं आहे तिथंच ठेवायचा, फाइलला हात लावायचा नाही, वरून टॅग लावायचे आणि शोधायचं, अशीच त्याची मांडणी केली. मला ती पटते. मेल लावण्यात रोज गेलेला दादाचा तो अर्धा अर्धा तास मी अजून विसरलेलो नाही. तेवढ्या वेळात तो मुलांना घेऊन कृष्णेच्या घाटावर गेला असता.

एक कबूल करायला हवं. वगळायच्या टॅगची ती यादी माझ्याकडचं एक फोल्डरच होतं, आणि मी ते पाच वर्षं न उघडता ठेवलं होतं. म्हणून मी स्पॅम त्या यादीतून काढून टाकलाय. डिलीटेड ठेवलाय. शोधात कचरा येतो, येऊ दे.

आता तुमच्या मेलबद्दल. आधी नॉटमचच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) वगळायचे टॅग कोणते आहेत ते बघा, मग दोन्ही प्रकारे काउंट करून आकडे जुळतात का बघा. जुळले तर पाठवणाऱ्याचा पत्ता काढून टाका आणि फक्त तारीख नि अटॅचमेंटवर शोधा, कारण माणसं कुठल्या पत्त्यावरून लिहितील त्याचा भरवसा नाही. तारीखही पाठवणाऱ्यानं मेलवर घातलेली धरली जाते, त्याच्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं असेल तर महिनाभर इकडं-तिकडं बघावं लागेल. अटॅचमेंट: लिहून फाइलचं नाव शोधता येतं, पण पीडीएफच्या आतला मजकूर नॉटमच वाचत नाही, त्यामुळे बिलावरचा आकडा टाकून बिल सापडणार नाही. फ्रॉम, सब्जेक्ट अशा काही अटींत दोन तिरक्या रेघांच्या मधे रेगेक्स (अक्षरांचा नमुना देऊन शोधणं) चालतो, तारा मात्र फक्त शब्दाच्या शेवटी.

आणि तुम्ही क्वेरीत त्यांचा पत्ता आणि तुमचा पत्ता दोन्ही अँडनं जोडून फ्रॉमला लावलेत, तो शोध तर शून्यच देणार. सगळ्या अटी एकाच मेलला लागू पडाव्या लागतात, आणि एक मेल दोघं पाठवत नाहीत. ज्या संभाषणात दोघांनीही लिहिलंय ते हवं असेल तर थ्रेड: पुढं महिरपी कंसात एकाची अट, अँड, परत थ्रेड: पुढं दुसऱ्याची, असं लिहा. तेही सिंगल कोटमध्ये.