वाचकांचे प्रश्न : सुरक्षिततेच्या आढाव्याला मंडळीला कसे बोलवावे?

प्रश्न : कोल्हापूर शहर आणि आसपासच्या खेड्यांतील आमच्या चर्चमध्ये मुलांच्या व स्त्रियांच्या सुरक्षिततेचा आढावा घेण्याचे कमिटीने ठरवले आहे. संडे स्कूल, तरुण संघाची शिबिरे, वसतिगृह हे सारे त्यात येईल. "ज्यांची काही तक्रार असेल त्यांनी उपासनेनंतर कमिटीसमोर हजर राहावे," अशी सूचना दोन रविवार वाचून दाखवली. कोणीही आले नाही. वडीलमंडळी म्हणतात, तक्रारच नाही तर आढावा कशाला? निमंत्रण कसे द्यावे?
— एका मंडळीचे सचिव, कोल्हापूर

उत्तर : आपल्या कमिटीने हे काम हाती घेतले याबद्दल मनापासून आदर वाटतो, पण कोणी आले नाही म्हणजे तक्रार नाही, असे कृपया समजू नका. 'तक्रार' आणि 'हजर राहावे' हे शब्द कोर्टकचेरीतले आहेत. शिवाय उपासना सुटल्यावर सगळी मंडळी आवारात बोलत उभी असताना जी बाई कमिटीच्या खोलीकडे चालत जाईल, तिची बातमी संध्याकाळपर्यंत घरोघरी पोहोचलेली असते. ज्याच्याविषयी सांगायचे तो, किंवा त्याचा भाऊ, त्याच टेबलामागे बसलेला असू शकतो.

चर्च ऑफ इंग्लंडने २००७ ते २००९ या काळात जुन्या प्रकरणांचा आढावा घेतला तेव्हा भर मुख्यतः जुन्या फायलींवर होता, आणि कारवाई आवश्यक असलेली केवळ १३ प्रकरणे पुढे आली. त्यावर टीका झाल्यानंतर २०१९ पासून हे काम नव्याने करण्यात आले. त्या वेळी ज्यांना त्रास झाला त्यांनाही बोलण्याचे आवाहन होते. २०२२ च्या अहवालात ३८३ नवी प्रकरणे नोंदली गेली. आपल्या वडीलमंडळींना हे आकडे अवश्य दाखवा.

म्हणून निमंत्रण तक्रार असणाऱ्यांना नव्हे, सर्वांना द्या, आणि रोजच्या गोष्टी विचारा : संडे स्कूलचा वर्ग दार लावून भरतो का? शिबिरात मुलींच्या खोलीशेजारी कोण झोपते? नव्या शिक्षकाची चौकशी कोण करते? मी एका मंडळीत अशा बैठकीला बसलो होतो. एक आई केवळ शौचालयाची कडी तुटल्याचे सांगायला आली. कडी कधीपासून तुटली आहे, असे विचारल्यावर ती थांबली, पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि मग म्हणाली की तिची मुलगी वर्ग सुटेपर्यंत तिकडे जातच नाही, कारण बाहेर एक जण उभा असतो. 'तक्रार आहे का' असे विचारले असते तर ती आई आलीच नसती.

आता सर्वांत नाजूक भाग. "संपूर्ण गुप्तता पाळली जाईल" असे वचन कृपया देऊ नका, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचे कळले की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा सूचनेत सरळ लिहा : "आपले नाव मंडळीत कोणालाही सांगितले जाणार नाही, मात्र मुलाला अपाय झाल्याचे समजल्यास आम्ही पोलिसांना कळवू, आणि त्या वेळी आपल्यासोबत राहू." लोकांना हे आधीच माहीत असावे, बोलून झाल्यावर कळले तर तो विश्वासघात ठरतो.

ऐकून घेण्यासाठी पाळक आणि कमिटी सदस्य यांच्या नात्यात नसलेल्या, शक्यतो दुसऱ्या मंडळीतील दोन स्त्रिया नेमा. चर्चच्या दाराशी पेटी ठेवू नका. तिथे चिठ्ठी टाकतानाही माणूस दिसतो. त्याऐवजी त्या स्त्रियांचा फोन नंबर आणि मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन सूचनेत छापा. खेड्यांत गळीत हंगाम टाळा, नाहीतर निम्मी माणसे उसाच्या फडातच असतील. महिलांच्या घरगुती प्रार्थनासभांतून बोलणे अधिक मोकळे होते, असा माझा अनुभव आहे.

सूचना सचिवांनी न वाचता पाळकांनी स्वतः पुलपिटवरून वाचावी, आणि आढाव्यातून काय बदलले ते, कोणाचेही नाव न घेता, कोणत्या रविवारी मंडळीला सांगणार त्याची तारीखही त्याच सूचनेत द्यावी.