मे महिन्यातलं पाणी बघ, मग घर बघ

प्रिय मित्रा,

पुणे सोडून खानदेशात भाड्याने घर घ्यायचं, आणि जोडीला शिकार-मासेमारीचा शौकही भागवायचा, म्हणून तू केलेली गावांची यादी वाचली. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, शिरपूर, शहादा. प्रत्येकापुढे घरभाडं, इंटरनेट, जवळचं धरण किती किलोमीटरवर आणि शेवटच्या रकान्यात ‘शिकार’. तो शेवटचा रकाना आधी खोडून टाक. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, आणि परवाना काढून शिकार करायची जी फट उरली होती ती १९९१च्या दुरुस्तीने बुजवली. ससा, तितर, लाव्हे म्हणजे किरकोळ, असं समजून एअरगन घेऊन रात्री निघणारे अजून भेटतात. त्यांच्या जीपमध्ये बसू नकोस, मग ते कितीही आग्रहाने ‘चल ना भो’ म्हणोत. रानडुकरांनी उभा मका लोळवला तरी शेतकऱ्याला डुक्कर मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, तू तर पुण्याहून आलेला भाडेकरू. २००६च्या वनहक्क कायद्याने सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, तडवी गावांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क मान्य केले, त्यात पाण्यातली मासळीही आली. शिकारीचा हक्क मात्र त्याच कायद्याने स्पष्ट लिहून वगळला. ज्यांचं रान, त्यांनाच नाही, तर आपण कोण?

रानाची ओढ असेल तर दुर्बीण घे. शहाद्याजवळच्या रानात १९९७ च्या नोव्हेंबरात रानपिंगळा, म्हणजे रानातलं छोटं घुबड, पुन्हा सापडला, हे तुला माहीत नसावं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते. मधल्या काळात मायनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली आपण एक मिळवल्याचं सांगितलं होतं. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातलं ते कातडं तपासलं तेव्हा ते दुसऱ्याच्या जुन्या संग्रहातून चोरून, नवं लेबल लावून ठेवलेलं निघालं. ती खोटी नोंद बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर खानदेशात आले, आणि पक्षी भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. यावल अभयारण्यातही तो आहे. माग काढण्याची हौस यात पुरेपूर भागते, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागत नाही.

आता मासेमारी. इथे तुझी यादी मला खरोखर अपुरी वाटली. ‘धरण १८ किमी’ हे लिहिलंस, पण त्या धरणात मे महिन्यात काय उरतं आणि तिथल्या मासळीचा धनी कोण, हे दोन रकाने नाहीत. माझ्या लेखी घर कुठे घ्यायचं ते याच दोन गोष्टींवर ठरतं.

धन्याचं आधी सांगतो, कारण बाहेरून येणारे इथेच भांडण ओढवून घेतात. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. म्हणून मच्छीमार सहकारी संस्था ठेका घेते, बोटुकली विकत आणून सोडते, ती वाढेपर्यंत राखण करते. म्हणजे तू काठावर बसून जो दोन किलोचा रोहू ओढशील तो कुणीतरी पैसे मोजून बोटाएवढा असताना आत सोडलेला असतो. ‘धरण सरकारी आहे’ हा वाद तिथे घालू नकोस. संस्थेच्या चेअरमनकडे जायचं, वयाने मोठे असतील तर आबा किंवा नाना म्हणायचं, गळाने मासे धरायला परवानगी मिळते का, काय भरावं लागेल, कुठे बसू, असं सरळ विचारायचं. भोई मंडळींचं पोट या पाण्यावर आहे. तुझा शौक आहे. हा फरक तुझ्या बोलण्यात दिसला की निम्मं काम झालं. काही ठिकाणी नाही म्हणतील, आणि ते नाही म्हणजे नाहीच.

अभयारण्याच्या हद्दीत गळ घेऊन शिरायचंच नाही. यावलला नाही, आणि शिरपूरच्या अनेर धरणाभोवतीही नाही. तू शिरपूरला ‘निसर्गरम्य जलाशय’ म्हणून पाच तारे दिलेत ते याच अनेरला, म्हणून सांगितलं.

आता पाणी. ऑगस्टमध्ये खानदेश बघून घर घेणाऱ्याची फसगत ठरलेली. तेव्हा पांझरा वाहते, गिरणा दुथडी असते, कन्नडच्या घाटाखाली सगळं हिरवंगार. मेमध्ये गिरणेच्या पात्रात वाळू आणि वाळूवाल्यांचे ट्रॅक्टर दिसतील, पाणी येईल ते वरच्या धरणातून आवर्तन सुटलं तरच. त्यामुळे चाळीसगाव रेल्वेसाठी उत्तम, गळासाठी बेभरवशाचं. धुळ्याचा नकाणे तलाव शहराच्या नळांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. जळगावकरांना वाघूर धरण जवळ आहे, पण त्यातून शहराला पाणी जातं, त्यामुळे तिथले नियम आणि पहारा आधी समजून घे.

मला विचारशील तर भुसावळ. तापीवरचं हतनूर धरण तिथून फार लांब नाही. दीपनगरचं वीज केंद्र त्याच्या पाण्यावर अवलंबून आहे, त्यामुळे ते कोरडंठाक पडू देत नाहीत. पण हतनूरला गाळ भयंकर. तापी आणि पूर्णा चांगदेवला भेटतात, आणि दोघींनी काळ्या रानातून आणलेली माती धरणात येऊन बसते. पाणी मागे सरकलं की काठावर भेगाळलेली जमीन दिसते, वरून खडखडीत. पाय ठेवलास की पापुद्रा मोडतो आणि खाली लोण्यासारखा गाळ गुडघ्यापर्यंत धरतो. गुरं अडकतात त्यात. म्हणून गुराख्यांच्या पायवाटेनेच खाली उतरायचं, पुढे काठीने टोचत जायचं, आणि मुरमाची नाहीतर दगडाची जागा मिळाली की तिथेच बसायचं. ती जागा कुणी दाखवत नाही, आपली आपण हुडकावी लागते, आणि दर उन्हाळ्यात ती सरकते. हिवाळ्यात याच पाण्यावर परदेशी बदकं उतरतात. दुर्बिणीचे पैसे तिथेही वसूल.

आमिषाला बाजारातल्या रंगीत डब्या आणू नकोस. शेंगदाण्याची पेंड रात्री भिजव, सकाळी कणकेत मळ, गोळी घट्ट ठेव, सैल झाली तर पाण्यात पडताच सुटते. रोहूला तेवढं पुरतं. मरळ कणकेकडे बघत नाही, तिला बेडकी किंवा छोटा मासा लागतो, आणि ती धरणाच्या उघड्या पाण्यापेक्षा पाणवनस्पतींच्या कडेला जास्त सापडते. जून ते ऑगस्ट गळ खुंटीला टांगून ठेव. पहिल्या पुराला पोटात अंडी घेऊन वर चढणारा मासा धरणं मला पटत नाही. इथले जुने भोईही तेव्हा हात आवरतात, निदान चांगले तरी. आणि कुणी सुरुंगाची कांडी किंवा विषारी पावडर टाकताना दिसला तर त्या काठावरून उठ. १८९७ पासून कायद्याने गुन्हा आहे तो, अजून थांबलेला नाही.

दुसरी पसंती शहादा. प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजमुळे तापीत बरंच पाणी अडून राहतं, वर तोरणमाळचा डोंगर आहे, रानपिंगळा आहेच. अडचण रेल्वेची. स्टेशन गाठायला नंदुरबार किंवा दोंडाईचा, आणि तुझ्या आईला दर तीन महिन्यांनी पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. भुसावळहून ते रात्रीच्या गाडीत झोपून होतं. यादीत हा रकाना तू केलाच नाहीस, मासे कितीही मिळाले तरी तोच सगळ्यात जड आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या नर्मदेच्या फुगवट्याचं मनात असेल तर एकदा बघायला जा, राहायला नको. ज्या धरणाचा तो फुगवटा, त्या सरदार सरोवराने महाराष्ट्रातली तेहतीस गावं बाधित केली. तिथल्या पाण्यावर मासे धरण्याचा पहिला हक्क त्या माणसांचा आहे, आणि तुझं लॅपटॉपचं नेटवर्क तिथे अर्धा दिवससुद्धा टिकणार नाही.

उन्हाबद्दल सगळेच घाबरवतील, मी एवढंच सांगतो की पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की वरच्या मजल्यावरची स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेली राहते. घर खालच्या मजल्यावर, पूर्वेला तोंड असलेलं बघ, आणि कूलरला पाणी कुठून येतं ते घरमालकाला नाही, शेजारणीला विचार.

१५ मेनंतर आठवडाभर ये. पहाटे माझ्याबरोबर मासळीबाजारात चल. बर्फाच्या थर्माकोल पेट्यांतून आंध्रचा कटला उतरतोय की टोपल्यात इथला मासा येतोय, कल्ले लाल आहेत का, पातेल्यात मरळ जिवंत आहे का, हे बघितलंस की धरणाची तब्येत कागद न बघता कळते. मग संस्थेच्या ऑफिसात जाऊ. घर लगेच विकत घ्यायचं नाही, अकरा महिन्यांचा करार कर, त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा दोन्ही येतात.

आईला नमस्कार सांग. कोणत्या गाडीने येतोस ते आधी कळव, मे महिन्यात रिझर्व्हेशन मिळत नाही.

तुझा,
काका