कामिनोच्या वाटेवर ठेवायला पुण्याहून कोणता दगड न्यावा?

तुम्ही सप्टेंबरमधे स्पेनची कामिनो (सांतियागोच्या कॅथेड्रलपर्यंतची पायी यात्रा) चालायला निघालाय, तिथे घरून आणलेला दगड एका क्रॉसपाशी ठेवतात असं ऐकलंय, तर पुण्याहून कोणता न्यायचा आणि आपल्याकडे असं काही करतात का, असं विचारलंय. मी ही वाट चालून आलेय म्हणून लिहितेय.

जागेचं नाव क्रूस दे फेरो. फोन्सेबादोन गाव सोडलं की साधारण 2 किमीवर, जवळपास 1500 मीटर उंचीवर. एक उंच लाकडी खांब, टोकाला छोटा लोखंडी क्रॉस (मूळचा क्रॉस आस्तोर्गाच्या म्युझियममधे ठेवलाय, हा नंतरचा) आणि खाली दगडांचं अख्खं टेकाड, येणाऱ्याजाणाऱ्यांनी एकेक ठेवून झालेलं. जवळ गेलं की कळतं, कशावर मार्करने नाव लिहिलंय, कशावर नुसती तारीख, आणि मधेच नदीतला गुळगुळीत गोटा. माझ्या पुढे एक बाई मुठीत दगड धरून उभी होती, नवरा खाली उतरून पार रस्त्याला लागला तरी हिची मूठ काही उघडेना. कोणी तिला घाई केली नाही, आम्ही सगळे मागे थांबून राहिलो.

आता कोणता न्यायचा. माझ्या मते घरचाच न्या. सिंहगडावरून वगैरे अजिबात उचलू नका, गडाचा दगड गडावरच राहू दे. आमचा नाना पेठेतला वाडा पाडला तेव्हा जोत्याच्या दगडाची एक कपची मी ठेवून घेतली होती, तीच नेली. ज्येष्ठात तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला आली की आई त्याच जोत्यावर उभी राहून वारकऱ्यांना चहा द्यायची, आई गेली, मग वाडा गेला, आणि ती कपची माझ्या कपाटात नुसती पडून होती. आपला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्या ढिगात ठेवल्यावर लांबून सुद्धा ओळखू येत होता. मी रडले, आणि खूप बरं वाटलं.

आपल्याकडे आहे की! डोंगरावरच्या देवाला जाताना वाटेच्या कडेला दगडावर दगड रचलेले दिसतात ना, स्वतःचं घर होऊ दे म्हणून लावतात ते. पण ते मागणं झालं, तिकडे माणूस काहीतरी सोडून यायला जातो. आणि वारीत बायका डोक्यावर तुळस घेऊन दिवे घाट चढतात ती थेट पंढरपुरापर्यंत सांभाळून नेतात, तिथे वाटेत सोडायचं काही नसतंच. मला तिन्ही आपलीच वाटतात.

कामिनोवर दगडाची अजून एक जुनी गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. 12व्या शतकातल्या ग्रंथात लिहिलंय की यात्रेकरू त्रियाकास्तेलाहून चुनखडीचा दगड उचलून कास्तान्येदाच्या भट्ट्यांपर्यंत न्यायचे, सांतियागोच्या कॅथेड्रलच्या बांधकामाला चुना लागायचा म्हणून. म्हणजे चालणाऱ्याचा दगड खरोखर देवळात लागायचा.

काही प्रॅक्टिकल गोष्टी. दगड लिंबाएवढाच घ्या, पाठीवर रोज वागवायचाय. घासून स्वच्छ धुवा, बाहेरची माती युरोपात न्यायला बंदी आहे. चेक-इन बॅगेत टाका. लॅमिनेट केलेले फोटो, प्लॅस्टिकची फुलं असलं काही तिथे ठेवू नका, लोक ठेवतात पण फार वाईट दिसतं. आणि वाटेत कुठेही हौस म्हणून दगड रचत बसू नका, कामिनोवर पिवळे बाण आहेत म्हणून चालून जातं पण सह्याद्रीत धुक्यात अशा रचलेल्या दगडांवरच माणसं वाट काढतात, उगाच रचलेला ढीग कोणालातरी भलतीकडे नेतो.

मुक्काम फोन्सेबादोनला करा आणि पहाटे निघा, नंतर गाडीने आलेली लोकं फोटोसाठी गर्दी करतात. दगड मात्र आत्ताच शोधा, तळजाईच्या टेकडीवर चालायच्या प्रॅक्टिसला जाल तेव्हा पण खिशात असू दे.