मूत्रपिंडाच्या अहवालातील दोन ओळी

प्रश्न : माझा मोठा भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याच्या 2019 च्या रक्ततपासणीच्या अहवालात ‘ईजीएफआर’पुढे दोन आकडे आहेत, एक ‘आफ्रिकन अमेरिकन’ व्यक्तींसाठी आणि दुसरा इतरांसाठी. ताज्या अहवालात मात्र एकच आकडा असून तो जुन्यापेक्षा थोडा वाढलेला आहे. रक्त एकाच माणसाचे असताना आकडे दोन कसे? — एक वाचक, सातारा

उत्तर : मूत्रपिंडे किती काम करतात हे या तपासणीत थेट मोजले जात नाही. रक्तातील क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ), वय आणि लिंग सूत्रात घालून त्याचा अंदाज काढतात. हा अंदाज म्हणजेच ‘ईजीएफआर’; तो जितका कमी, तितके मूत्रपिंडांचे काम कमी. 1999 आणि 2009 च्या प्रचलित सूत्रांत यांच्या जोडीला वंशही होता. मूळ अभ्यासांत मूत्रपिंडाचे काम सारखेच असतानाही कृष्णवर्णीयांचे क्रिएटिनिन सरासरीने जास्त आढळले होते, आणि त्यांचे स्नायू अधिक असतात, असे त्याचे कारण फारशा पुराव्याविना सांगितले गेले. त्यामुळे कृष्णवर्णीय रुग्णाच्या उत्तराला 2009 च्या सूत्रात 1.159 ने गुणत असत. समोरच्या माणसाचे स्नायू मात्र कोणी मोजत नसे. नोंदणीच्या कागदावर कोणत्या चौकटीत खूण आहे, एवढ्यावर ते ठरे. आई एका वंशाची आणि वडील दुसऱ्या वंशाचे असतील तर काय करावे, याला सूत्रात जागाच नव्हती.

या गुणाकाराचा परिणाम किती खोल होता, ते पाहा. अमेरिकेत हा आकडा 20 किंवा त्याखाली गेला की मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी प्रतीक्षेचा काळ मोजला जाऊ लागतो. वय, लिंग आणि क्रिएटिनिन अगदी सारखे असलेल्या दोन रुग्णांपैकी गोऱ्या रुग्णाचा आकडा 18 आला, तर कृष्णवर्णीय रुग्णाचा जवळपास 21 येई. पहिल्याचे दिवस मोजले जाऊ लागत आणि दुसऱ्याला अजून थांबा, असे सांगितले जाई. अमेरिकेच्या लोकसंख्येत सुमारे 13 टक्के असलेल्या या समाजात मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट आहे, म्हणजे ज्यांना प्रत्यारोपणाची गरज सर्वाधिक त्यांनाच सूत्र मागे ठेवत होते. मला हे फार अस्वस्थ करणारे वाटते, कारण यात कोणा डॉक्टरच्या मनात द्वेष असण्याचीही गरज नव्हती.

पश्चिम आफ्रिकी वंशाच्या अनेकांत ‘एपीओएल1’ या जनुकाची, मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका वाढवणारी रूपे आढळतात, हे खरे आहे. पण ती तपासून पाहता येतात, कातडीच्या रंगावरून ओळखता येत नाहीत. शिवाय उच्च रक्तदाब, मधुमेह, विम्याचा अभाव आणि तज्ज्ञाकडे उशिरा पोहोचणे यांचा या रुग्णांच्या नुकसानीतील वाटा सूत्राहून लहान नाही.

विद्यार्थ्यांच्या आग्रहामुळे बोस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयाने 2017 मध्येच हा गुणाकार सोडला. 2021 मध्ये अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनांनी वंशविरहित सूत्राची शिफारस केली. जुन्या सूत्रामुळे वाया गेलेला काळ कृष्णवर्णीय रुग्णांच्या खात्यावर परत जमा करण्याचे काम 2023 पासून सुरू झाले, आणि पुढच्या सव्वा वर्षात 14,000 हून अधिक जणांच्या खात्यावर सरासरी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ जमा झाला.

आपल्या भावाला त्या वेळी ‘इतर’ हीच ओळ लागू होती. नव्या सूत्राने इतरांचा आकडा थोडा वाढतो, म्हणून केवळ त्यावरून मूत्रपिंडे सुधारली असे समजू नये. दोन्ही अहवालांतील क्रिएटिनिन शेजारी ठेवून ते डॉक्टरांना दाखवावे.