पंचविसावा झातोइची बघावा का?

प्रश्न : गुरुजी, झातोइची या आंधळ्या मालीशवाल्या तलवारबाजाचे दोन जपानी चित्रपट पोराच्या मोबाईलवर बघितले. लय आवडले. आता १९७३ सालचा पंचविसावा बघायचा आहे. पोरगा म्हणतो, तो पडेल आहे, रात्र वाया घालवू नका. बघू का?
– एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, पोराचं म्हणणं खोटं नाही, तरीही बघाच.

१९६२ ते १९७३ मध्ये पंचवीस चित्रपट आले आणि सगळ्यांत शिंतारो कात्सूच. काठीतून निघणारं पातं, उलट्या मुठीची पकड, फाशांच्या आवाजावरून डाव ओळखणं, हे सारं प्रेक्षकांना तोंडपाठ झालं होतं. दाइएई ही मूळ कंपनी १९७१ मध्ये बुडाली होती. पंचविसाव्याचे दिग्दर्शक किमियोशी यासुदा. चकमकींत पहिल्या चित्रपटातली धार नाही आणि गोष्ट कुठे जाणार हे लवकर कळतं.

पण गोष्ट आहे गावाची. इची बऱ्याच वर्षांनी आपल्या जन्मगावी, कासामाला येतो. हे गाव खरंच आहे, तिथली मातीची भांडी आणि ग्रॅनाइट आजही नावाजलेले. गावकऱ्यांकडे सारा थकलेला असतो. इचीचा बालमित्र शिन्बेई श्रीमंत होऊन परततो आणि गावाचा सारा स्वतः भरून टाकतो. लोक उपकार मानतात. त्याचा डोळा मात्र गावच्या दगडखाणीवर असतो आणि वरचा अधिकारी त्याला सामील.

हे तुम्हाला-मला समजावून सांगायला लागत नाही. माझ्या वडिलांनी पेरणीच्या पैशासाठी सावकाराला दोन एकराचं खरेदीखत करून दिलं होतं, पैसे फिटले की वावर परत, या तोंडी बोलीवर. बियाणं आलं तेव्हा आईनं त्या माणसाला घरी जेवायला बोलावलं होतं. वावर काही परत आलं नाही. उपकाराच्या वाटेनं जमीन कशी जाते, ते या चित्रपटाला नेमकं कळलं आहे. शिन्बेईला नुसता दुष्ट करून सोडलेलं नाही. त्याचं काम करणारा एइजी ओकादा शांतपणे, सभ्यपणे बोलतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

शिवाय यात ताकाशी शिमुरा आहेत. ‘सेव्हन सामुराई’मध्ये शेतकऱ्यांसाठी लढणाऱ्या सात जणांचे म्होरके तेच. इथं सत्तरीकडे झुकलेले, एका म्हाताऱ्या कुंभाराच्या भूमिकेत. फार वेळ पडद्यावर नाहीत, पण त्यांच्यासमोर कात्सूही आवाज खाली आणतो. मला तर त्या दोघांसाठीच हा चित्रपट पुन्हा बघावासा वाटतो.

केन्जी मिसुमी यांचा १९६२ चा पहिला भाग तुमच्या दोनांत नसेल तर आधी तो बघा, म्हणजे इचीच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत काय साचलं ते दिसेल. कात्सूनं स्वतः दिग्दर्शित केलेला १९८९ चा सव्विसावा त्यानंतर. आणि पंचविसावा बघताना पोराला शेजारी बसवा, खाणीचा व्यवहार त्याला तुम्हीच समजावून सांगू शकाल.